न परतलेला प्रतिध्वनी

उपग्रहाच्या रडारचित्रात नदीकाठी एक काळाभोर पट्टा दिसतो. पूर पसरला असेल. किंवा वारा पडलेला असताना टिपलेलं, कायमचंच तळं असेल. विमानतळाची धावपट्टी असेल, कोरडी वाळू असेल, रात्रीत गोठलेली शेतजमीन असेल, वितळू लागलेला बर्फ असेल, नाहीतर एखाद्या कड्याची सावली. रडारच्या लेखी या सगळ्यांचा अर्थ एकच: इथे पाठवलेली लहर परत आली नाही. का आली नाही, ते चित्र सांगत नाही. ते माणसाला शोधावं लागतं, आणि पर्यावरणावर रडारने नजर ठेवण्याचं जवळजवळ सगळं काम या एका ‘का’भोवती फिरतं.

साधा उपग्रह सूर्याच्या उजेडात फोटो काढतो. ढग आले की त्याची नजर अडते, रात्र झाली की संपते. रडार स्वतःच्या लहरी सोबत नेतं. सेंटिनेल-१ हा युरोपीय उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून ५.५५ सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी एका कुशीला तिरक्या सोडतो आणि परत आलेली लहर मोजतो. ढगातले थेंब या लहरीपुढे इतके बारीक असतात की ती त्यांच्यातून सहज पार होते. २०१७ च्या जुलैत अंटार्क्टिकाच्या लार्सन-सी हिमपट्टीपासून ए-६८ नावाचा सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग तुटला, तेव्हा तिथे ध्रुवीय हिवाळ्याचा अंधार होता. तरीही भेग कुठवर आली आहे, हे रडारच्या चित्रांत आठवड्यागणिक पाहता येत होतं.

तिरकं पाहणं ही रडारची गरज आहे. प्रतिध्वनीला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. सरळ खाली पाहिलं, तर डावीकडचा आणि उजवीकडचा बिंदू सारख्याच अंतरावर येतात आणि एकमेकांत मिसळतात. दुसरी अडचण अँटेनाच्या लांबीची. सेंटिनेल-१ ची अँटेना १२.३ मीटर लांब आहे. एवढ्या उंचीवरून तिचा झोत जमिनीवर पडतो तोवर उड्डाणाच्या दिशेने सुमारे चार किलोमीटर रुंद झालेला असतो. चार किलोमीटरच्या ठिपक्यांनी शेत काय दिसणार? यावरची तोड कार्ल वायली या अभियंत्याला १९५१ मध्ये सुचली. उपग्रह पुढे सरकत असताना जमिनीवरचा प्रत्येक बिंदू अनेक स्पंदांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो, आणि दर वेळी त्याची वारंवारता किंचित बदललेली असते. हे सगळे प्रतिध्वनी साठवून नंतर गणिताने एकत्र केले, की छोटी अँटेना कित्येक किलोमीटर लांब अँटेनेसारखं काम करते. याच युक्तीने १९७८ मध्ये सीसॅट या उपग्रहाने समुद्राकडे पाहिलं. विजेच्या बिघाडाने तो जेमतेम साडेतीन महिन्यांत थांबला, पण वाट दाखवून गेला.

आता पुन्हा त्या काळ्या पट्ट्याकडे.

प्रतिध्वनी किती जोरात परतेल, हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: पृष्ठभागाचा खडबडीतपणा, त्यातलं पाणी आणि त्याचा आकार. शांत पाणी आरशासारखं वागतं. तिरकी आलेली लहर ते पलीकडे फेकून देतं, उपग्रहाकडे काहीच येत नाही. नांगरलेली जमीन लहर चहूकडे विखुरते, त्यातला थोडा भाग परततो. घराची भिंत आणि समोरची जमीन मिळून काटकोन करतात. लहर दोनदा आपटून आली त्याच दिशेने माघारी जाते, म्हणून शहरं लख्ख पांढरी दिसतात. पाण्याचं विद्युत गुणधर्माचं मूल्य ८० च्या आसपास, कोरड्या मातीचं तीन-चार, आणि हे मूल्य जितकं जास्त, तितका जमिनीचा प्रतिध्वनी जोरदार. म्हणून तीच जमीन पावसानंतर उजळते. आणि तेच पाणी मातीत गोठलं, की त्याचं मूल्य पुन्हा तीनच्या जवळ येतं, म्हणून थंडीच्या एका रात्रीत अख्खा शेतपट्टा काळवंडतो. हवामानाची नोंद न पाहता अशा चित्राला पूर म्हणणारा माणूस फसतो.

पुराचा नकाशा करायचा तर सुरुवात एका शिस्तीपासून होते: पुरापूर्वीचं चित्र आणि पुरातलं चित्र एकाच कक्षामार्गावरचं हवं. सेंटिनेल-१ च्या नेहमीच्या पद्धतीत २५० किलोमीटर रुंद पट्टा टिपला जातो आणि लहर जमिनीवर सुमारे २९ ते ४६ अंशांनी पडते. जवळच्या कडेला तीच जमीन उजळ दिसते, दूरच्या कडेला मंद. एका मार्गावरचं चित्र दुसऱ्या मार्गावरच्या चित्रातून वजा केलं, तर जमिनीत काहीच न बदलता सगळीकडे बदल दिसतो. उत्तरेकडे जाताना टिपलेलं आणि दक्षिणेकडे येताना टिपलेलं चित्रही एकमेकांत मिसळू नये. एक पहाटेचं असतं, दुसरं संध्याकाळचं, आणि डोंगराच्या वेगवेगळ्या बाजू दोघांसमोर येतात.

आधी कक्षेची, म्हणजे चित्र घेताना उपग्रह नेमका कुठे होता हे सांगणारी, फाईल लावायची. घाईत असाल तर काही तासांत मिळणारी चालते. सर्वात अचूक फाईल येते सुमारे तीन आठवड्यांनी, ती पुराच्या उपयोगाची नाही, जमिनीचं खचणं मोजायला मात्र ती हवी. मग उपकरणाचा स्वतःचा औष्णिक गोंगाट काढायचा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि पस्तावतात. लहर उभी पाठवून आडवी ऐकली, म्हणजे व्हीएच ध्रुवीकरणात, तर शांत पाण्याचा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की तो उपकरणाच्या गोंगाटात बुडून जातो. मग पाण्यावर जे पट्टे दिसतात ते उपकरणाचे, पाण्याचे नव्हेत. त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे मोजलेले आकडे एका ठरलेल्या मापावर आणणं, मग स्पेकल, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, कमी करणं आणि शेवटी उंचीच्या नकाशाच्या मदतीने प्रत्येक ठिपका जमिनीवर त्याच्या खऱ्या जागी बसवणं. जगभरासाठी ३० मीटर अंतराचा कोपर्निकस उंची-नकाशा विनामूल्य मिळतो, बहुतेक कामांना तो पुरतो.

स्पेकलबद्दल जरा थांबून सांगायला हवं. रडारचं चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मिरी-मीठ टाकल्यासारखं दिसतं आणि उपकरण बिघडलंय असं वाटतं. बिघाड नाही. एका पिक्सेलच्या जागेत शेकडो पानं, ढेकळं, काड्या असतात. प्रत्येकाचा प्रतिध्वनी कुठे एकमेकांना बळ देतो, कुठे खोडून काढतो. त्यामुळे एकसारख्या शेतातही शेजारचे दोन पिक्सेल दुपटी-तिपटीने वेगळे येतात. चित्र सरासरी न काढता घेतलं, तर प्रतिध्वनीच्या ताकदीतला चढउतार तिच्या सरासरीइतकाच असतो. म्हणून एका पिक्सेलवर कधी विश्वास ठेवू नये. शेतभराची सरासरी घ्यावी, किंवा त्याच जागेच्या अनेक तारखांची. नऊ स्वतंत्र नोंदींची सरासरी घेतली की गोंगाट तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ली नावाने ओळखला जाणारा फिल्टर सर्रास वापरतात, पण त्याची खिडकी, म्हणजे एका वेळी हिशोबात घेतलेला पिक्सेलांचा चौकोन, फार मोठी ठेवली तर ओढे आणि बांध पुसले जातात. अरुंद प्रवाह शोधायचा असेल तर फिल्टरपेक्षा तारखांची सरासरी केव्हाही चांगली.

प्रतिध्वनीची ताकद डेसिबलमध्ये मांडतात, पण सरासरी डेसिबलमध्ये काढू नये. ही चूक छापील अहवालांतही आढळते. उणे १० आणि उणे २० डेसिबलची सरासरी वरवर पाहता उणे १५ येते. पण डेसिबल हे लॉगॅरिदमचं माप आहे. मूळ संख्या आहेत ०.१ आणि ०.०१. त्यांची सरासरी ०.०५५, म्हणजे उणे १२.६ डेसिबल. जवळजवळ अडीच डेसिबलचा फरक नुसत्या हिशोबातून उभा राहतो, आणि अनेकदा ज्या बदलाचा शोध चाललेला असतो तोच मुळी दोन-तीन डेसिबलचा असतो. आधी सरासरी, मग डेसिबल. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

सगळं नीट झालं की उंबरठा ठरवायचा, म्हणजे ज्याच्या खाली पाणी मानायचं तो आकडा. उभी पाठवून उभी ऐकलेल्या लहरीत, म्हणजे व्हीव्हीमध्ये, मोकळं पाणी साधारण उणे १५ ते उणे २० डेसिबलच्या खाली कुठेतरी सुरू होतं. नेमका आकडा प्रत्येक चित्रासाठी वेगळा निघतो. पाणी आणि जमीन यांची दोन शिखरं आलेखात स्वच्छ दिसत असतील, तर ओत्सूची पद्धत उंबरठा आपोआप काढून देते. पण अख्ख्या चित्रात पाणी दोन-तीन टक्केच असेल तर दुसरं शिखर दिसतच नाही आणि ती पद्धत भलतीकडे रेघ ओढते. अशा वेळी नदीच्या आजूबाजूचा छोटा तुकडा कापून त्यावर उंबरठा काढावा. मग कायमचं पाणी वगळायचं, तीव्र उतार वगळायचे, आणि जवळच्या ओढ्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच उंचीवर असलेले काळे ठिपके गाळायचे. टेकडीच्या माथ्यावर पूर येत नसतो.

इतकं करूनही दोन जागी नकाशा हमखास अपुरा राहतो. पहिली जागा झाडीखालचं पाणी. साडेपाच सेंटिमीटरची लहर दाट झाडोऱ्याच्या शेंड्यातच अडकते, खालचं पाणी तिला कळत नाही. २४ सेंटिमीटरची लांब लहर पानांतून खाली उतरते, पाण्यावर आपटते, मग खोडावर आपटते आणि परतते. म्हणून त्या लहरीच्या चित्रात बुडालेलं जंगल काळं होण्याऐवजी अधिक उजळ होतं. दुसरी जागा शहर. रस्त्यावर पाणी चढलं की भिंत आणि पाणी यांचा काटकोन आधीपेक्षा चांगला चमकतो. नुसता काळा रंग शोधणाऱ्या नकाशात शहर कोरडं दिसतं, आणि माणसं तर तिथेच अडकलेली असतात. पुरापूर्वीच्या दोन चित्रांचं आपसातलं साम्य आणि पुराच्या वेळचं साम्य यांची तुलना केली तर शहरातलं पाणी बरंचसं सापडतं. हे कष्टाचं काम आहे, पण ते टाळून शहराचा पूरनकाशा जाहीर करणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय उपग्रह आला तेव्हाचंच पाणी दिसतं. पुराचा कळस दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन गेला असेल, तर नकाशातली रेघ ही ओसरत्या पाण्याची असते. ती सर्वोच्च पातळी म्हणून छापू नये.

वारा हा पूरनकाशाचा शत्रू. वाऱ्याने पाण्यावर पाच-एक सेंटिमीटरच्या बारीक लहरी उठल्या, की त्या रडारच्या लहरीशी बरोबर जुळतात आणि पाणी जमिनीइतकं उजळ होतं. पण समुद्रावरचं तेल शोधताना हाच वारा हवाहवासा असतो. तेलाचा पातळ थर त्या बारीक लहरी दाबून टाकतो. आजूबाजूचा समुद्र उजळ, तेलाची जागा काळी. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी असेल तर सगळाच समुद्र काळा असतो आणि तेल लपतं. दहा-बारा मीटरच्या वर गेला तर लाटा तेलाला घुसळून टाकतात आणि डाग नाहीसा होतो. मधल्या वाऱ्यातही प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. समुद्री वनस्पतींपासून सुटणारी नैसर्गिक साय, पावसाच्या सरीखालचं पाणी, किनाऱ्याच्या आडोशाची शांत पट्टी, सगळी तशीच दिसतात. सरळ, बारीक, एका टोकाला जहाजाचा पांढरा ठिपका असलेली रेघ बहुधा जहाजाने सोडलेल्या तेलाची असते. एरवी वाऱ्याची नोंद आणि दुसऱ्या उपग्रहाचं चित्र पाहिल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नये.

जंगलतोडीत काळोखाचा अर्थ पुन्हा बदलतो. उभं जंगल व्हीएचमध्ये उजळ असतं, कारण फांद्या लहरीला सगळ्या दिशांनी वळवतात. झाडं पडली की ही उजळी उतरते. वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी उभारलेली रॅड ही इशारा-यंत्रणा सेंटिनेल-१ च्या आधारे उष्णकटिबंधीय जंगलांतली तोड १० मीटरच्या ठिपक्यांत दाखवते, तीही पावसाळी ढगांखाली. मात्र तोडलेली खोडं आणि फांद्या तिथेच पडून असतील, त्यावर पाऊस पडला असेल, तर ओला पसारा जंगलाइतकाच चमकतो. मग घट काही आठवडे उशिरा दिसते. म्हणून इशाऱ्याची तारीख ही तोडीची तारीख मानू नये. ती रडारच्या चित्रात घट पहिल्यांदा दिसल्याची तारीख असते.

बर्फाचं गणित घड्याळावर चालतं. कोरड्या बर्फातून ही लहर जवळजवळ आरपार जाते. बर्फ ओला झाला की ती शोषली जाते, आणि त्याच मार्गावरच्या कोरड्या दिवसाच्या तुलनेत दोन-तीन डेसिबलची घसरण दिसली की बर्फ वितळू लागला असं मानतात. सेंटिनेल-१ स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला जातो. संध्याकाळी ओला दिसलेला बर्फ पहाटे पुन्हा गोठून उजळ झालेला असतो. दोन्ही फेऱ्या न पाहणाऱ्याला वाटतं, वितळणं थांबलं.

कोरड्या वाळूचा काळोख मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. १९८१ च्या नोव्हेंबरात कोलंबिया अंतराळयानावरच्या रडारने पूर्व सहाराची चित्रं घेतली. दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानच्या सीमेवर सपाट, वैराण वाळूचा सेलीमा पट्टा आहे. २३ सेंटिमीटरहून थोडी लांब लहर त्या कमालीच्या कोरड्या वाळूत मीटर-दोन मीटर खाली उतरली आणि खालच्या खडकावरून परतली. चित्रात नद्यांची जाळी उमटली, हजारो वर्षांपूर्वी वाहिलेल्या आणि वाळूखाली गाडल्या गेलेल्या पात्रांची. डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं.

आतापर्यंत फक्त प्रतिध्वनीच्या ताकदीबद्दल बोललो. त्याची कला, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात नेमकी कुठे असताना परतली, ही दुसरी माहिती आणि तीच अधिक नाजूक. एकाच जागेवरून दोन तारखांना घेतलेल्या चित्रांच्या कलांची वजाबाकी केली की जमीन किती सरकली ते कळतं. लहर जाऊन येऊन दुप्पट अंतर कापते, म्हणून हा फरक चित्रात दाखवणाऱ्या रंगांचं एक पूर्ण वलय म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची हालचाल, सेंटिनेल-१ साठी सुमारे २.८ सेंटिमीटर. २८ जून १९९२ ला कॅलिफोर्नियात लँडर्सचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ईआरएस-१ उपग्रहाच्या चित्रांतून त्याची वलयं प्रसिद्ध झाली, आणि भूभाग कसा वाकला ते एका नजरेत पाहता आलं. भूजलाच्या उपशाने खचणारी मेक्सिको सिटी आज याच पद्धतीने मोजली जाते. तिचे काही भाग वर्षाला ४० सेंटिमीटरहून अधिक खचतात.

पण ही वलयं फसवतातही. हवेतली वाफ लहरीला उशीर करते, आणि दोन तारखांना वाफ वेगळी असेल तर काही सेंटिमीटरचं खोटं खचणं दिसतं. उंच डोंगरांभोवती उंचीशी तंतोतंत जुळणारी वलयं आली, तर ती जमिनीपेक्षा हवेची असण्याचीच शक्यता जास्त. एका जोडीवर कधीच निष्कर्ष काढू नये, किमान वीस-पंचवीस चित्रांची मालिका घ्यावी. शेतात आणि जंगलात पानं हलतात, वाढतात, म्हणून साम्य टिकत नाही आणि चित्र वाळूसारखं विस्कटतं. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या फेरेत्ती, प्राती आणि रोक्का यांनी २००१ मध्ये मांडलेली वाट अशी: अख्खं चित्र सोडून द्या, वर्षानुवर्षं न बदलणारे बिंदू तेवढे धरा. घरांची छपरं, पुलांचे कठडे, उघडे खडक. शहरात असे बिंदू दाट मिळतात, गावाबाहेर विरळ. आणि मोजलं जातं ते फक्त उपग्रहाच्या नजरेच्या रेषेतलं सरकणं. उभं खचणं आणि पूर्व-पश्चिम सरकणं वेगळं करायला दोन्ही दिशांच्या फेऱ्या लागतात. उत्तर-दक्षिण हालचाल मात्र या उपग्रहांना जवळजवळ दिसतच नाही, कारण ते स्वतः त्याच दिशेने उडतात.

फेऱ्यांमधलं अंतर किती मोलाचं असतं, ते २३ डिसेंबर २०२१ नंतर सगळ्यांना जाणवलं. त्या दिवशी वीजपुरवठ्याच्या बिघाडाने सेंटिनेल-१ च्या जोडीतला सेंटिनेल-१बी बंद पडला. दोन उपग्रह मिळून सहा दिवसांनी जिथे येत होते, तिथे एकटा बारा दिवसांनी येऊ लागला. पिकांच्या भागात सहा दिवसांत टिकणारं साम्य बारा दिवसांत विरून जातं, त्यामुळे कित्येक मालिका तुटल्या. सेंटिनेल-१सी ५ डिसेंबर २०२४ ला अवकाशात गेला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार निघाला, नासाचं २४ सेंटिमीटरचं आणि इस्रोचं सुमारे नऊ सेंटिमीटरचं अशी दोन रडारं आणि १२ मीटर व्यासाची जाळीदार परावर्तक छत्री घेऊन. लांब लहरीला पानांचं हलणं कमी जाणवतं, म्हणून झाडीच्या प्रदेशात तिचं साम्य जास्त टिकतं. हिरव्या उतारांवरच्या भूस्खलनासाठी मला तिच्याकडूनच अधिक आशा आहे.

जिथे न बदलणारा बिंदू मिळतच नाही तिथे तो बनवावा लागतो. त्यासाठी धातूच्या तीन त्रिकोणी पत्र्यांचा, एकमेकांशी काटकोनात जोडलेला कोपरा उभा करतात. एक मीटर बाजूचा असा कोपरा सेंटिनेल-१ ला हजार चौरस मीटरहून मोठ्या परावर्तकासारखा दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सुरात खोऱ्यात दीड ते अडीच मीटर बाजूचे ४० कोपरे याच कामासाठी उभारले आहेत. जोडकामात काटकोन एखाद-दुसऱ्या अंशाने चुकला तरी चमक उतरते. तोंड उपग्रहाच्या मार्गाकडे लंबात वळवायचं, कल लहर ज्या कोनाने येते त्यानुसार ठेवायचा, आणि पाया खोल घ्यायचा, नाहीतर पाऊस-उन्हाने फुगणारी-आकसणारी वरची माती मोजली जाते. पत्र्यांना भोकं पाडली तर वारा कमी अडतो. भोक तरंगलांबीच्या मानाने बारीक असेल तर रडारला त्याचा पत्ता लागत नाही.

सगळ्यांत खालच्या टोकाला मात्र पाणी जायला वाट ठेवावीच लागते, आणि दर काही आठवड्यांनी ती हाताने मोकळी करावी लागते. तिथे पाला साठतो, त्यावर माती बसते, छिद्र बुजतं आणि पावसाचं पाणी कोपऱ्यात साचतं. मग पुढच्या फेरीत मालिकेतला सर्वांत भरवशाचा पांढरा ठिपका एकाएकी मंद होतो. जमीन जागची हललेली नसते.